शामकांतची एक चूक

फोन आला तेव्हा मनोहर कामाचे बूट घासत बसला होता. मुलांच्या बेसबॉल लीगचा कोह बोलत होता. येत्या रविवारी पहिल्या सामन्याआधी मैदानावर शामकांतच्या आठवणीसाठी पाच मिनिटं थांबायचं ठरलं होतं. मुलं रांगेत उभी राहतील, शामकांतच्या बायकोला, रत्नाला, बोलावलं आहे, आणि दोन शब्द मनोहरने बोलावेत.

"मी कशाला?" मनोहर म्हणाला. "मला इंग्रजी धड येत नाही."

"रोज त्याच्याबरोबर काम तुम्ही केलं, अंकल. दर रविवारी कुंपणापाशी तुम्हीच उभे असायचे. मोठं भाषण नको. तेरा वर्षं फुकट अंपायर झाला, एवढं सांगा. तेरा वर्षांत निर्णय एकदाच चुकला आणि तोही स्वतः येऊन कबूल केला, हे सांगा. मुलांना गोष्ट लागते, लाह." कोहचं बोलणं सिंगापुरी सवयीने 'लाह'वर संपायचं.

फोन ठेवल्यावर मनोहर बराच वेळ एकच बूट घासत राहिला.

चूक एकदाच झाली होती, हे खरं. पण ती शामकांतची नव्हती, मनोहरची होती. हे दोनच माणसांना ठाऊक होतं, आणि त्यांतला एक अकरा आठवड्यांपूर्वी गेला. आता मनोहर गप्प बसला की ती चूक कायमची शामकांतच्या नावावर राहणार. आणि बोलला तर रत्नावहिनींच्या समोर बोलावं लागणार.

रविवारला चार दिवस होते.

शामकांत उरणचा. मुंबईच्या गोदीत फिटरचं काम शिकला, बोटीवर लागला, आणि एका फेरीत सिंगापूरला उतरला तो इथलाच झाला. तुआसच्या एका जहाजदुरुस्तीच्या यार्डात पाइप फिटर म्हणून चिकटला. आंग मो किओत फ्लॅट घेतला. मूलबाळ झालं नाही. त्याबद्दल तो बोलत नसे आणि कुणी विचारलं तर "बोल्ट दे" म्हणायचा.

मनोहर त्याच्या हाताखाली लागला १९८१ साली. राजापूरकडचा, चोवीस वर्षांचा, अंगात जोर आणि डोक्यात घाई. पहिल्याच दिवशी त्याने बारा बोल्टांचा एक जोड अर्ध्या तासात आवळून दाखवला. शामकांतने तो सगळा सोडायला लावला. पुन्हा आवळला, पुन्हा सोडायला लावला. तिसऱ्यांदा मनोहर चिडला.

"गळतंय का कुठे? मग सोडायचा कशाला?"

"एका बाजूने आवळत गेलास. समोरासमोरचे घ्यायचे. नाहीतर आतलं गॅस्केट एकीकडे चिरडतं. आज दिसत नाही. भर समुद्रात दिसतं. तेव्हा तिथे तू नसतोस, दुसऱ्याचा पोरगा असतो."

त्या संध्याकाळी यार्डाची बस चुकली. दोघं मुख्य रस्त्यापर्यंत चालत आले. शामकांतने एका अवाक्षराने माफी मागितली नाही, पण घरी नेऊन जेवायला घातलं. रत्नावहिनींनी विचारलं, "आज काय मोडलंत याचं? हात की मन?" तेव्हापासून मनोहरचं रविवारचं जेवण त्या घरी. त्याने शेजारच्याच ब्लॉकमध्ये खोली भाड्याने घेतली. बायको गावी होती. पुढे वहिनी रोजचे डबेही दोन भरू लागल्या. शामकांत दोन्ही घेऊन यायचा.

यार्डात एक रीत होती. पाइपांची लाइन जोडून झाली की आत हवेचा दाब भरायचा आणि दोघांनी तपासायचं. एक गेजवर डोळा ठेवून वाल्व्हपाशी उभा, दुसरा लाइनच्या कडेने प्रत्येक जोडाला कान लावत जाणार. मशीनच्या गोंगाटात ओरडून उपयोग नसे, म्हणून ऐकणाऱ्याने एक हात वर धरायचा. पंजा उघडा म्हणजे ठीक. मूठ मिटली म्हणजे गळती, दाब सोड. वाल्व्हवरचा माणूस का, कशाला, खात्री आहे का, असलं काही विचारत नसे. मूठ दिसली की सोडायचं. ऐकणारा नेहमी मनोहर असे. पहिल्या दिवसापासून तो कानात कापूस कोंबून कामाला यायचा आणि टेस्टच्या वेळीच काढायचा. शामकांत त्याला कापूसशेठ म्हणायचा. स्वतः कापूस घालत नसे. हातोडी मारली की बोल्टचा नाद ऐकून तो किती आवळला गेलाय ते सांगायचा. कान चांगले होते तोवर त्याचा अंदाज चुकलेला मनोहरने पाहिला नाही.

बेसबॉल आला तो १९८३ साली. यार्डात दुरुस्तीला लागलेल्या एका जहाजाचा अमेरिकन सुपरिंटेंडंट होता, त्याचा मुलगा रविवारच्या लीगमध्ये खेळायचा. मैदानातल्या फलंदाजामागच्या उंच जाळीचा खांब मोडला होता. वेल्डिंगला माणूस हवा होता. शामकांत गेला, मनोहरला बरोबर घेऊन गेला. दोन तासांचं काम. शामकांतने चार तास लावले. प्रत्येक जोड घासून गुळगुळीत केला. म्हणाला, "पोरं जाळीला लटकणार. हात कापले तर?"

त्या दिवशी पंच आला नव्हता. अमेरिकन म्हणाला, इथे उभा राहा, चेंडू या पाटीवरून गुडघ्याच्या आणि बगलेच्या मधून गेला की उजवा हात वर कर. शामकांत घामेजलेल्या बॉयलरसूटमध्ये उभा राहिला आणि दोन तास हात वर करत राहिला. परतताना बसमध्ये पानं उलटत राहिला. अमेरिकन पैसे देऊ लागला तेव्हा त्याऐवजी नियमांचं पुस्तक मागून घेतलं होतं. ते मांडीवर होतं.

पुस्तक त्याने सहा महिने वाचलं. डिक्शनरी घेऊन, कडेला मराठीत टिपा काढत. रत्नावहिनी म्हणायच्या, "पोथीपुढे कधी एवढा वेळ बसला नाहीत." तो म्हणायचा, "पोथीत आउट-सेफ नसतं."

पुढे दर रविवारी. सामना नऊला असेल तर हा साडेसातला मैदानात. यार्डातला स्टीलचा टेप काढायचा आणि चारही बेसमधलं अंतर मोजायचा. लहान मुलांना साठ फूट. एकोणसाठ फूट अकरा इंच भरलं की खुंट उपटून पुन्हा ठोकायचा. चुन्याच्या रेघा मनोहर मारायचा. वाकडी आली की शामकांत काही बोलत नसे, नुसता तिच्यावर उभा राहायचा. मनोहर पुसून नवी मारायचा. पालक थंड पेयं आणायचे, त्यांतला एक घोट कधी घेतला नाही. स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायचा. एकाचं प्यायलो तर दुसऱ्याचंही प्यावं लागेल आणि पोट बिघडेल, असं सांगायचा. मुठीत मावेल एवढा एक क्लिकर असे, चेंडू मोजायला, तीन छोटी आकड्यांची चाकं असलेला. त्याच्या अंगठ्याने त्या चाकांवरचा रंग उडाला होता.

मुलं अमेरिकन, जपानी, तैवानची, थोडी इथली. सगळी त्याला अंकल शाम म्हणत. तो त्यांच्याशी गोड बोलायचा नाही. पण कुणी विचारलं, मी आउट का, तर सामना संपल्यावर त्याला मैदानात नेऊन दाखवायचा. पाय इथे होता, चेंडू तिथे होता. आठ वर्षांच्या पोराला सुद्धा.

मग काम त्याचं अंग एकेक करून मागू लागलं. आधी गुडघे गेले. जहाजाच्या तळाशी दोन पत्र्यांच्या मधल्या जागेत रांगत त्याची वीस वर्षं गेली होती. फलंदाजामागे दोनशे वेळा बसणं-उठणं जमेना. १९९१ साली तो पहिल्या बेसवर उभा राहू लागला. तिथे बसावं लागत नाही. फलंदाज चेंडू टोलवून पहिल्या बेसकडे धावतो. तिथे उभ्या मुलाच्या हातमोज्यात चेंडू आधी आला तर आउट, धावणाऱ्याचा पाय बेसवर आधी पडला तर सेफ. पण डोळे दोन ठिकाणी कसे ठेवणार? म्हणून पंचाने पाय पाहायचा असतो आणि चेंडू ऐकायचा असतो. हातमोज्यात चेंडू बसला की टप्प वाजतो. टप्प आधी की पाय आधी, एवढंच काम.

दोन वर्षांनी कान गेले.

त्याने हे मनोहरला सांगितलं ते जेवणाच्या सुट्टीत, डब्याचं झाकण लावता लावता.

"मन्या, टप्प ऐकू येईना झालाय."

"डॉक्टरकडे जा."

"गेलो. म्हणाला, आवाजातलं काम सोड. मी म्हटलं, पगार तू देणार का?"

"मग अंपायर तरी कशाला? सोडा, शामराव. गुडघे गेले, कान गेले. आता काय डोळे द्यायचेत?"

शामकांतने डबा पिशवीत ठेवला. मग म्हणाला, "यार्डात मी केलेलं काम समुद्रात जातं. बरं झालं की वाईट, कळत नाही. तिथे मैदानात लगेच कळतं. आठवड्यातून एकदा मला कळू दे."

आणि मग, "टेस्टला काय करतो आपण?"

असं ते सुरू झालं. पहिल्या बेसच्या पलीकडे कमरेइतकं कुंपण होतं. शामकांत बेसकडे तोंड करून उभा राहिला की ते बरोबर त्याच्या नजरेच्या टप्प्यात येई. मनोहर तिथे उभा राहायचा, यार्डातला पांढरा सुती हातमोजा उजव्या हातात घालून, पंजा कुंपणाच्या दांड्यावर उघडा. टप्प वाजला की मूठ. शामकांत पाय पाहायचा आणि पायामागे ती पांढरी मूठ. कुणाला काही दिसलं नाही. कोहला वाटायचं, मनोहरच्या हाताला इसब असेल.

शामकांतने पुस्तक पुन्हा चाळून घेतलं. "कान स्वतःच्याच डोक्याला असले पाहिजेत असं कुठे लिहिलेलं नाही," तो म्हणाला. पण कोहला त्याने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर घरी बसवलं असतं. तेवढी एक गोष्ट त्याने लपवली.

तीन वर्षं चाललं. मनोहरला ते आवडायला लागलं होतं. रविवारी सकाळी तो हातमोजा धुऊन न्यायचा.

१९९६ साली किमया आली. पुण्याच्या एका इंजिनिअरची मुलगी, बारा वर्षांची, संघात एकटी मुलगी. बाप रूपेश कुठल्याशा कंपनीत मॅनेजर, एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर आलेला. तो मैदानात कधी फिरकला नाही. ती एकटीच बसने यायची, टोपी डोळ्यांवर ओढून. मनोहरला मराठी येतं हे कळल्यावर आपली पाळी येईपर्यंत कुंपणापाशी येऊन उभी राहायची.

"काका, टुडे ऑल्सो आउट होणार, लाह."

"होऊ दे. धावताना खाली बघू नको. बेसकडे बघ."

"तुम्ही कधी खेळलात?"

"नाही."

"देन हाऊ यू नो?"

"तुझा पाय रोज बघतो ना."

सगळ्या मोसमात ती एकदाही पहिल्या बेसवर पोचली नाही. दर वेळी टप्प आधी, पाय नंतर. दर वेळी मनोहरची मूठ मिटायची आणि शामकांतचा अंगठा वर जायचा. ती परत येताना कुंपणाकडे बघायची नाही. ऑक्टोबरपर्यंत मनोहरला तिच्या पावलांचा आवाज झोपेतही ओळखता आला असता.

शेवटचा सामना. शेवटचा डाव, धावा बरोबरीत, दोन आउट झालेले, तिसऱ्या बेसवर तिच्याच संघाचा मुलगा. फलंदाजीला किमया. ती तिसरी आउट झाली की डाव संपला. सेफ, तर तिसऱ्या बेसवरच्या मुलाची धाव पूर्ण आणि सामना जिंकला.

तिने चेंडू जमिनीवरून टोलवला आणि धावली. या वेळी खाली पाहिलं नाही. मधल्या मुलाने चेंडू उचलला, फेकला. पहिल्या बेसवर एक जपानी मुलगा हात लांब करून उभा होता. टप्प वाजला. पाय अजून हवेत होता. फार नाही, वीतभर. पण हवेत होता.

मूठ मिटायला हवी होती. मिटली, पण पाय पडल्यावर. हात विसरला नव्हता. मनोहरने तो धरून ठेवला होता.

शामकांतने दोन्ही हात आडवे पसरले. सेफ.

आरडाओरडा झाला, टोप्या उडाल्या. जपानी मुलगा चेंडू हातमोज्यात तसाच धरून, पाय बेसवर तसाच ठेवून उभा राहिला. तक्रार केली नाही. नुसता शामकांतकडे बघत राहिला. आणि किमयानेही उडी मारली नाही.

थोड्या वेळाने ती कुंपणापाशी आली.

"काका, आय वॉज आउट, ना?"

"अंपायर म्हणतो तेच खरं."

"हं," ती म्हणाली. बाटलीतलं पाणी प्यायली आणि गेली. पुढच्या मोसमात तिने नाव घातलं नाही. वर्षभरात ते लोक पुण्याला परतले.

परतीच्या बसमध्ये शामकांतने एकदाच विचारलं. "पाय आधी?"

"पाय आधी," मनोहर म्हणाला.

"त्या जपानी पोराचं तोंड बघितलंस?"

"हरल्यावर तोंड तसंच होतं."

शामकांत खिडकीबाहेर बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी यार्डात एका लाइनची टेस्ट होती. हवा भरून झाली. मनोहरने कानातला कापूस काढला आणि लाइनकडे निघाला. शामकांतने हात आडवा घातला.

"तू गेजवर थांब. मी बघतो."

"तुम्ही? तुम्हाला ऐकू कुठे येतं?"

शामकांतने साबणाच्या पाण्याची बादली घेतली, दोन इंची ब्रश घेतला आणि पहिल्या जोडापाशी गुडघ्यांवर बसला. जोडाला साबणपाणी फासलं, बुडबुडा येतो का ते पाहिलं, तळवा ठेवून अंदाज घेतला. मग उठला. मग दुसरा जोड. चौतीस जोड होते. कानाने वीस मिनिटांत झालं असतं, त्याला दीड तास लागला. प्रत्येक जोडाला खाली बसताना आणि उठताना तो पाइप धरत होता. मनोहर वाल्व्हपाशी उभा राहून गेजचा काटा बघत होता. काटा हलला नाही. मनोहरला मात्र कळलं, याला ठाऊक आहे.

त्या शनिवारी शामकांत एकटाच कोहकडे गेला. पंचाची टोपी परत केली. कान गेलेत, तो निर्णय चुकला, निकाल बदला, असं सांगितलं. कोह म्हणाला, निकाल बदलता येत नाही, पंचाचा निर्णय शेवटचा. शामकांत म्हणाला, मग निदान चूक माझी म्हणून लिहून ठेवा. कोहने लीगच्या वहीत लिहिलं. कुंपण, हातमोजा, मनोहर, यांतलं काही शामकांतने सांगितलं नाही. मनोहरला हे कोहकडूनच कळलं.

त्यानंतर सव्वा वर्ष दोघांनी एकत्र काम केलं. "स्पॅनर." "धर." "सोड." "चल, बस आली." तेवढंच. भांडण झालं असतं तर मनोहरला बरं वाटलं असतं. पण भांडण नाही, टोमणा नाही. रविवारचं जेवण थांबलं. वहिनींनी विचारलं तेव्हा शामकांतने सांगितलं, त्याला रविवारचा ओव्हरटाइम असतो. डबे मात्र दोन यायचे. बाराच्या भोंग्याला शामकांत मनोहरचा डबा त्याच्यापुढे ठेवायचा आणि शेजारी बसून आपला उघडायचा. मनोहर खायचा. टेस्ट असली की बादली आणि ब्रश. फोरमन वेळेवरून कटकट करायचा. शामकांतला ती ऐकू यायची नाही.

१९९८च्या जानेवारीत त्याच्या छातीत पाणी झालं. जुन्या जहाजांच्या पाइपांवर पांढरं वेष्टन असायचं, ते वर्षानुवर्षं दोघांनी हातांनी फोडून काढलं होतं. डॉक्टर म्हणाला, त्याची धूळ असावी. मनोहरची तपासणी स्वच्छ निघाली. तो नाकालाही फडकं बांधायचा.

जूनमध्ये मनोहर हॉस्पिटलात गेला. सांगायचं ठरवून गेला होता. वॉर्डात आठ खाटा, भेटीची वेळ, प्रत्येक खाटेपाशी माणसं. शामकांत हाडांचा राहिला होता. हॉस्पिटलने दिलेलं कानातलं मशीन उशाशी काढून ठेवलेलं. मनोहर खुर्ची ओढून बसला.

"शामराव, त्या दिवशी टप्प आधी वाजला होता."

शामकांतने मान वळवली. "काय?"

"टप्प आधी वाजला होता."

"मोठ्याने बोल."

शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची सून वळून बघू लागली. मनोहरने तोंड उघडलं. जे कुजबुजून सांगायलाच दोन वर्षं लागली होती, ते आठ खाटांना ऐकू जाईल असं ओरडून सांगायचं होतं.

"बरं वाटतंय का?" तो ओरडला.

"बरं आहे," शामकांत म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "जा आता. बस चुकेल."

जुलैमध्ये तो गेला.

रविवारी मनोहर साडेसातलाच मैदानात पोचला. अजून कुणी नव्हतं. कुणीतरी आदल्या संध्याकाळीच रेघा मारून ठेवल्या होत्या. पहिल्या बेसकडची रेघ मध्ये ढेंगभर सरकली होती. चुना कुठे ठेवतात ते आता त्याला ठाऊक नव्हतं.

साडेआठला कोह आला, मागोमाग मुलं, मग रत्नावहिनी. वहिनी पांढऱ्या साडीत, हातात पर्स. मनोहरला पाहून जवळ आल्या.

"भावजी, किती वाळलात. जेवता की नाही?"

"जेवतो."

"आज घरी या. ओव्हरटाइम नाही ना आज?" मग पर्स उघडून त्यांनी क्लिकर दाखवला. "हा तुमच्यासाठी आणलाय. कोह म्हणाला, लीगच्या कपाटात ठेवू. मी म्हटलं, नाही. हा भावजींकडे जाईल. दर रविवारी त्या उन्हात हेच उभे राहायचे."

मनोहरने हात पुढे केला नाही. "आधी बोलून घेतो," तो म्हणाला.

मुलं रांगेत उभी राहिली. त्यांतल्या बहुतेकांनी शामकांतला पाहिलंही नसेल. एक जण दुसऱ्याच्या टोपीला चिमटे काढत होता. मागे शामकांतच्या वेळी खेळलेली दोन मोठी मुलं होती, डोकी भादरलेली, सक्तीच्या लष्करी नोकरीतून, नॅशनल सर्व्हिसमधून, सुट्टी काढून आलेली. कोहने शामकांतबद्दल सांगितलं, तेरा वर्षांचं सांगितलं, एका चुकीचं सांगितलं, ती कबूल करण्याचं सांगितलं. मग मनोहरकडे वळला.

मनोहर मोडक्या इंग्रजीत बोलला. घरी कागदावर लिहून आणलं होतं, पण कागद खिशातच राहिला.

"कोह म्हणतो, हा एकदा चुकला. हा एकदाही चुकला नाही. याला ऐकू येत नव्हतं. याच्याकरता मी ऐकायचो. तिथे, त्या कुंपणापाशी. चेंडू आला की मूठ मिटायचो. त्या दिवशी चेंडू आधी आला. मी ऐकला. मूठ उशिरा मिटली, मुद्दाम. मुलीची दया आली. याने माझी मूठ पाहून निर्णय दिला. तो निर्णय माझा. वहीत याचं नाव खोडा आणि माझं लिहा."

मुलं गप्प होती. समजून नव्हे, उन्हाने. भादरलेल्या डोक्यांपैकी एकाने मान खाली घातली. मनोहरला वाटत होतं, कुणीतरी काहीतरी बोलेल. त्याने खांदे ताठ केले होते.

कोहने त्याच्या दंडावर हात ठेवला. "ओके, अंकल. दोन वर्षं झाली. नेव्हर माइंड, लाह." मग मुलांकडे वळून टाळ्या वाजवल्या. मुलांनीही वाजवल्या आणि मैदानात पांगली.

रत्नावहिनी तिथेच उभ्या होत्या.

"यांना ठाऊक होतं?" त्यांनी विचारलं.

"होतं."

"कधीपासून?"

"दुसऱ्या दिवसापासून."

"आणि तुम्हाला ठाऊक होतं, यांना ठाऊक आहे ते?"

"होतं."

वहिनी मैदानाकडे बघत राहिल्या. नवा पंच पहिल्या बेसपाशी उभा राहिला होता, तरुण, हातात थंड पेयाचा कॅन.

"टोपी परत करून आले त्या दिवसापासून घरात नीट बोलले नाहीत," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, कानामुळे. मी ओरडून ओरडून बोलायची. ते मान हलवायचे. मला वाटलं, माझंच ऐकू जात नाही." मग म्हणाल्या, "सव्वा वर्ष मी तुमचा डबा भरला."

"हो."

"ते रोज घेऊन यायचे."

"हो."

"खाल्लात?"

"हो."

पर्स उघडीच होती. क्लिकर वरच दिसत होता. वहिनींनी तो आत सरकवला आणि चेन ओढली. मग फाटकाकडे चालू लागल्या. दोघांची बस एकच होती. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, आणि मनोहरही निघाला नाही. बस आली, त्या चढल्या, बस गेली. पुढची वीस मिनिटांनी होती. तीही त्याने जाऊ दिली.

जाताना कोहला म्हणाला, "वहीत लिहाल ना?"

"वही मागच्या वर्षी ऑफिस बदललं तेव्हा गेली, अंकल," कोह म्हणाला. "सापडली तर लिहीन."

सोमवारी यार्डात एका टँकरवर टेस्ट होती. मनोहरच्या जोडीला आता श्रीनिवास नावाचा एक नवा फिटर होता, तीन आठवड्यांचा. हवा भरून झाली. श्रीनिवास वाल्व्हपाशी उभा राहिला आणि वाट पाहू लागला, की हा कानातला कापूस काढेल. त्याला असंच शिकवलं होतं.

मनोहरने कापूस काढला नाही. बादली घेतली, ब्रश घेतला, पहिल्या जोडापाशी बसला.

"तुमचे कान तर चांगले आहेत म्हणतात," श्रीनिवास ओरडला. "मग हे कशाला?"

"काटा बघ," मनोहर म्हणाला.

सव्वीस जोड होते. दहाव्याला गुडघे बोलू लागले. बाराचा भोंगा झाला तेव्हा सात राहिले होते. श्रीनिवास जेवायला गेला. मनोहर डबा आणत नव्हता. त्याने ते सात पुरे केले.